एकशे साठ एकर आणि दुसरा संसार

इंग्रजीत रँचवर घडणाऱ्या प्रेमकथांचा एक न आटणारा प्रवाह आहे. त्यातला एक साचा फार लाडका. पूर्वी पोळलेली स्त्री, बहुधा पदरी मूल असलेली, दूरच्या एका रँचवर येते. तिथला मालकही एकदा संसार मोडलेला, अबोल, कामात बुडालेला. हिवाळा येतो, वासरं जन्मतात, कुंपणं दुरुस्त होतात आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत दोघांना जगण्याची दुसरी संधी मिळालेली असते. कथा 'स्वच्छ' असते, म्हणजे शयनगृहाचं दार वाचकासाठी बंद. 'रँच रोमान्सेस' नावाचं एक स्वस्त कागदावरचं मासिक १९२४ साली निघालं आणि १९७१ पर्यंत चाललं. रेडिओ आला, टीव्ही आला, बाकीची तशी मासिकं एकेक करून मिटली, तरी हे तग धरून होतं.

रँच या शब्दाला मराठी प्रतिशब्द द्यायचा मोह मी आवरला आहे. मळा म्हटलं की ओलिताची हिरवी जमीन दिसते, कुरण म्हटलं की माणसं दिसेनाशी होतात. स्पॅनिश 'रांचो'वरून मेक्सिकोमार्गे अमेरिकेत गेलेल्या या शब्दात घर, गुरं, गवत, पाणी आणि मालकी सगळं एकत्र आहे. यातली मालकी महत्त्वाची. कारण प्रेमकथेत रँच आधीपासून कुणाच्या तरी नावावर असतं, बहुधा त्याच्या. ते नाव कागदावर कसं चढलं आणि तिचं का चढलं नाही, हे विचारायला शेवटच्या प्रकरणात सवड नसते.

याच साच्यात अगदी चपखल बसणारी एक खरी गोष्ट आहे. तिचे कागद उपलब्ध आहेत म्हणून ती सांगावीशी वाटते.

एलिनोर प्रुइट १८७६ साली तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत, चिकसॉ लोकांच्या प्रदेशात जन्मली. आईवडील लवकर गेले, मागे लहान भावंडं. शाळा जेमतेम. पुढे रूपर्ट नावाच्या माणसाशी लग्न झालं आणि १९०६ मध्ये मुलगी झाली, जेरीन. नवरा रेल्वेच्या अपघातात गेला असं ती सांगे. नंतरच्या अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा हे वैधव्य टिकलं नाही. लग्न मोडलं होतं, असाच त्यांचा निष्कर्ष आहे. १९०० च्या दशकात कडेवर मूल घेऊन डेन्व्हर शहरात काम शोधणाऱ्या बाईला घटस्फोटितेपेक्षा विधवा म्हणवून घेणं किती सोयीचं होतं, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्या काळात दोन्हींपैकी काहीच सोयीचं नव्हतं, एवढाच फरक.

डेन्व्हरमध्ये तिने धुणी धुतली, घरकाम केलं, भट्टीत कोळसा ओढला. ज्यांच्याकडे ती कामाला होती त्यांपैकी एक होत्या मिसेस कोनी, बॉस्टनकडच्या निवृत्त शिक्षिका. मालकीण आणि मोलकरीण यांच्यात जिव्हाळा जमला, आणि आज आपल्याला जे काही कळतं ते या जिव्हाळ्यामुळे, कारण पुढची सगळी पत्रं मिसेस कोनींना लिहिलेली आहेत.

एलिनोरच्या डोक्यात नवरा नव्हता. जमीन होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमिनीतला एकशे साठ एकरांचा तुकडा किरकोळ फी भरून मागता येत असे. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग साक्षीदार नेऊन ते सिद्ध करायचं. अर्जदार एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असावा लागे. तो पुरुषच असावा असं कायदा म्हणत नव्हता. अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशी कुठलीही स्त्री अर्ज करू शकत होती. लग्न झालेली मात्र नाही, कारण तिच्या घराचा प्रमुख नवरा. कोलोरॅडोतल्या लामार आणि वायोमिंगमधल्या डग्लस या दोन जमीन कचेऱ्यांच्या नोंदींचा एक नमुना १९७० च्या दशकात तपासला गेला. त्यात शंभरातले सुमारे बारा अर्ज बायकांचे निघाले आणि जमीन शेवटपर्यंत नेऊन नावावर करण्यात त्या पुरुषांच्या किंचित पुढे होत्या. वेस्टर्न सिनेमात या बायका दिसत नाहीत. तिथे बाई एकतर शिक्षिका असते, नाहीतर दारूच्या गुत्त्यावर.

ही जमीन मुळात रिकामी नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. या कायद्यांखाली एकंदर सुमारे सत्तावीस कोटी एकर जमीन वाटली गेली, आणि ती ज्यांच्याकडून घेतली ते शोशोनी, यूट आणि इतर लोक राखीव टापूंत ढकलले गेले होते. एलिनोरच्या उमेदीचं कौतुक करताना हा हिशेब खिशात ठेवूनच करावं लागतं.

जमीन घ्यायची तर आधी एखाद्या रँचवर घर सांभाळायची नोकरी धर, म्हणजे जमीन कुठली चांगली, पाण्याचे हक्क कसे मिळतात ते कळेल, असा सल्ला तिला एका धर्मोपदेशकाने दिला. वायोमिंगसारख्या कोरड्या मुलखात पाण्याशिवाय एकशे साठ एकर म्हणजे एकशे साठ एकर धूळ. तेवढ्यात क्लाइड स्टुअर्ट नावाच्या रँचमालकाला घर सांभाळणारी बाई हवी होती. तो बिजवर, पहिली बायको वारलेली. त्याचं रँच वायोमिंगच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, बर्न्ट फोर्क इथे, रेल्वेपासून साठ मैलांवर. १९०९ च्या वसंतात, बर्फ अजून वितळलेलं नसताना, एलिनोर लहानग्या जेरीनला घेऊन तिथे पोचली. क्लाइड स्कॉटिश वंशाचा होता आणि पिशवीचा पावा, म्हणजे बॅगपाइप, वाजवायचा. एकच धून पुन्हापुन्हा. पत्रांत या वादनावर तिने जी चेष्टा केली आहे ती वाचताना प्रेमकथेचा वाचक लगेच ओळखतो की पुढे काय होणार.

ते झालंही. मे महिन्यात तिने जमीन कचेरीत अर्ज भरला आणि त्यानंतर साधारण आठवड्याभरात क्लाइडशी लग्न केलं. हा क्रम लक्षात ठेवावा. अर्ज आधी, लग्न नंतर. उलटं झालं असतं तर अर्ज करताच आला नसता.

आता तिची पत्रं उघडू. एप्रिल १९०९ पासूनची पत्रं आहेत. जमिनीचा अर्ज भरायला कचेरीच्या गावी कशी गेले, रस्त्यात मुक्काम कसा पडला, ते सगळं रंगवून लिहिलं आहे. उन्हाळ्याबद्दल लिहिलं आहे. गवत कापणीचं यंत्र चालवायला माणूस मिळेना म्हणून क्लाइड माणूस शोधायला गेला, तेव्हा हिने लहानपणी शिकलेलं काम आठवून घोडे जुंपले आणि कापणी सुरू केली. तो परत आला तर गवत पडलेलं. गाईंच्या धारा, जेली-मुरंबे, बागेतल्या भाज्या, सगळी यादी आहे. वर्षअखेरीपर्यंत तिने शेजाऱ्यांची लग्नं लावली, नाताळ साजरा केला, डोंगरात एकट्या राहणाऱ्या झेब्युलन पाइक नावाच्या म्हाताऱ्याला शोधून काढलं. त्याचं तरुणपणीचं प्रेम दोन घराण्यांच्या वैरात संपलं होतं. स्वतःच्या लग्नाबद्दल मात्र चकार शब्द नाही. क्लाइडचा उल्लेख येतो तो 'मिस्टर स्टुअर्ट' असा, मालकाचा यावा तसा. पत्रांखाली सही एलिनोर रूपर्ट.

लग्नाची कबुली येते पुढच्या वर्षी, म्हणजे जवळजवळ वर्षभराने. पुस्तक निघालं तेव्हा त्या प्रकरणाला नावही 'कबुली' असंच मिळालं. मग ती हसत सांगते की सगळं फार घाईत उरकलं, रँचवर वसंतातल्या कामांची गर्दी, तेव्हा आधी लग्न आणि प्रियाराधन सवडीने, असं दोघांनी ठरवलं. लग्नाच्या वेळी पाहुण्यांचं जेवण तीच रांधत होती आणि जुने झिजलेले जोडे व कमरेचा एप्रन काढायचा राहूनच गेला, असंही.

इतकी जवळची मैत्रीण, तिच्यापासून वर्षभर का लपवलं? तिचं स्वतःचं म्हणणं असं की लाज वाटली, इतक्या लवकर लग्न केलं हे कसं सांगावं. हे खरं असू शकतं. पण १९९१ मध्ये शेरी स्मिथ या इतिहासकाराने जमीन कचेरीची कागदपत्रं पत्रांशेजारी ठेवून पाहिली, आणि लाजेखेरीज आणखी एक कारण दिसू लागलं. मिसेस कोनींना ती सुरुवातीपासून सांगत आली होती की बाई एकटीच्या जोरावर जमीन मिळवू शकते, हे मी करून दाखवणार. लग्नाने ते वाक्य अडचणीत आलं होतं.

कायदा असा की अर्जानंतर लग्न केलं तर स्त्रीचा हक्क आपोआप जात नसे. पण तिने स्वतःच्या तुकड्यावर राहायला हवं, आणि नवऱ्याने त्याच्या. नवराबायको मिळून दोन ठिकाणी राहतो असं सांगून दोन तुकडे घेता येत नसत. एलिनोरने यावर शोधलेला तोडगा मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. तिच्या जमिनीची हद्द क्लाइडच्या घरापासून दोन फुटांवर होती. तिने त्या हद्दीत आपलं घर बांधलं आणि ते त्याच्या घराला जोडून घेतलं. एकच छप्पर, एकच संसार, आणि मधून जाणारी सरकारी रेघ. ती स्वयंपाक कुठल्या बाजूला करत होती आणि निजत कुठल्या बाजूला होती, यावर एकशे साठ एकर अवलंबून. शयनगृहाचं दार बंद ठेवायला या स्वच्छ प्रेमकथेत निराळंच कारण होतं.

पत्रांत ती ठासून लिहिते की या जमिनीसाठी नवऱ्याकडून एक पैसा घेणार नाही. जमिनीच्या अडचणींशी माझी मीच झुंजेन, असं वचन क्लाइडने दिलं नसतं तर लग्नच केलं नसतं, असंही. या आग्रहावर माझा पूर्ण विश्वास बसतो. पण कागद दुसरीकडे गेले. १९१२ मध्ये तिने आपला दावा सोडून दिला आणि त्याच तुकड्यावर क्लाइडच्या आईने, रूथ स्टुअर्टने, अर्ज केला. ती विधवा होती, म्हणजे कायद्याच्या नजरेत स्वतंत्र. पुढे जमीन सासूच्या नावावर झाली आणि तिच्याकडून मुलाकडे आली. घराबाहेर काही गेलं नाही. फक्त एलिनोरच्या नावावर काही राहिलं नाही.

आणि तरीही जानेवारी १९१३ च्या पत्रात तीच एलिनोर शहरात धुणी धुऊन मरणाऱ्या बायकांना सांगते की जमीन घ्या. ज्यांना कोल्ह्यांची, कामाची, एकटेपणाची भीती वाटते त्यांनी या भानगडीत पडू नये, बाकीच्यांनी जरूर पडावं. पुस्तकातल्या एका प्रकरणाचं नाव तर 'प्रूव्हिंग अप', म्हणजे हक्क सिद्ध करणं. वाचणाऱ्याचा समज होतो की तिने तो केला.

मग ही फसवणूक म्हणायची का? कुणी तसं म्हटलं तर मी वाद घालणार नाही, पण मला ते पटत नाही. तिने गवत कापलं होतं. घर बांधलं होतं. जमीन कसली होती. हक्क मिळवण्यासाठी कायदा जी मेहनत करायला सांगत होता ती तिने केली होती. आडवी आली ती लग्नाची अडचण, आणि ती अडचण पुरुषाला नव्हती. क्लाइडला दुसऱ्या लग्नासाठी एक गुंठाही मोजावा लागला नाही.

इथे आपल्याकडच्या एका कायद्याची आठवण होते. १८५६ चा हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा, विद्यासागरांच्या खटपटीतून आलेला. शाळेत आपण त्याचं पहिलं कलम शिकतो. दुसरं कलम फारसं कुणी शिकवत नाही. त्यात म्हटलं होतं की पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा विधवेचा हक्क संपेल, जणू ती मेली. महाराष्ट्रात शेतकरी जातींमध्ये विधवेचा पाट लावण्याची चाल जुनी होती, त्यांना या कायद्याची गरजच नव्हती. प्रश्न आला की ज्यांच्यात पाट आधीपासून लागतच होता, त्यांच्या बायकांनाही दुसऱ्या कलमाची झळ लागणार का. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने नाही म्हटलं. मुंबईने हो म्हटलं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडच्या पाटाच्या बाईने दुसरा संसार मांडताना पहिल्या नवऱ्याच्या शेताच्या बांधावरून कायमचं उतरायचं असं ठरलं. वायोमिंग आणि मुंबई इलाखा यांच्यात दुसरं काही साम्य नाही. दुसऱ्या लग्नाची किंमत जमिनीत मोजून घ्यायची, हे मात्र दोन्हीकडच्या कायद्यांना आपापल्या वाटेने सुचलं.

एलिनोरने लपवलेली दुसरी गोष्ट जमिनीची नव्हती. डिसेंबर १९१२ च्या पत्रात ती मिसेस कोनींना सांगते की आपल्याला एक मुलगा झाला होता आणि तो तान्हेपणीच गेला. हे लिहायला तिला दोनेक वर्षं लागली. जवळपास धर्मोपदेशक नव्हता. क्लाइडला सुतारकाम येत होतं, छोटी शवपेटी त्याने स्वतः केली, आतलं मऊ अस्तर हिने लावलं, आणि प्रार्थना घरच्यांनीच म्हटली. विकतची पेटी परवडत नव्हती किंवा शेजारी मदतीला नव्हते म्हणून नव्हे, तर पहिल्या बाळाचं सगळं आपल्याच हातांनी व्हावं म्हणून. ही प्रेमकथा आहे असं मला ठामपणे वाटतं ते या पत्रामुळे. बॅगपाइपच्या चेष्टेत नसलेला क्लाइड इथे दिसतो.

मिसेस कोनींनी ती पत्रं 'अटलांटिक मंथली'कडे पोचवली. तिथे ती १९१३-१४ मध्ये छापून आली, आणि १९१४ मध्ये 'लेटर्स ऑफ अ वुमन होमस्टेडर' या नावाने पुस्तक निघालं, एन. सी. वायथच्या चित्रांसह. पुस्तकाच्या नावातच 'होमस्टेडर' आहे. तेव्हा दावा सोडून दोन वर्षं झाली होती.

लोकप्रिय कादंबरीत याच सुमारास दुसरी एक बाई बसून लिहीत होती, तिचाही उल्लेख करायला हवा. बर्था मझी, माँटानाची, 'बी. एम. बोवर' या नावाने लिहायची. 'चिप ऑफ द फ्लाइंग यू' ही तिची कादंबरी १९०६ ची. रँचवरची हलकीफुलकी प्रेमकथा, नायिका डॉक्टर. आद्याक्षरांमुळे कित्येक वाचक तिला पुरुष समजत. आडनाव तिच्या पहिल्या नवऱ्याचं होतं, ज्याच्यापासून ती वेगळी झाली. पुढे तिने आणखी दोन लग्नं केली, पण पुस्तकांवरचं नाव तेच राहिलं, कारण ते खपत होतं. एलिनोर लग्नानंतरही रूपर्ट म्हणून सही करत होती आणि ही घटस्फोटानंतरही बोवर. रँचवरच्या सुखान्त गोष्टी वाचकांना देणाऱ्या या दोघींच्या नावांत असा गुंता आहे.

एलिनोरच्या पत्रांवरून १९७९ मध्ये 'हार्टलँड' हा चित्रपट निघाला आणि १९८० च्या बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वलाचा सहमानकरी ठरला. त्यात विनोद कमी आहे, हिवाळा जास्त आहे. पत्रं लिहिणाऱ्या बाईला तो कदाचित फार उदास वाटला असता. तिला हसायला आवडायचं.

बर्न्ट फोर्कला तिला आणखी तीन मुलगे झाले. मासिकाचे पैसे संसारात जिरले, भाव पडले की पैसे सरत, आणि ती लिहीत राहिली, शेजाऱ्यांना, वाचकांना, कुणालाही. १९२६ मध्ये गवताच्या कामावर असताना घोडे बिथरले आणि ती अवजाराखाली सापडून जबर जखमी झाली. पुन्हा पूर्वीसारखी कधी सावरली नाही. १९३३ मध्ये ती गेली. ज्या गवतात ती पडली ते त्या दोन फुटांच्या रेघेच्या अलीकडचं होतं की पलीकडचं, याला तोवर काही अर्थ उरला नव्हता. दोन्ही बाजू स्टुअर्टांच्याच होत्या.